आईला दुपारभर झोप का येते?

प्रश्न: माझी आई ७९ वर्षांची आहे. बाबा गेल्यावर तिने स्वतःच ठरवून ज्येष्ठांसाठीच्या एका निवासात खोली घेतली. खोली तिची, किल्लीही तिच्याकडे. आंघोळ, औषधं आणि कपड्यांसाठी मदतनीस येतात. पहिलं वर्ष छान गेलं. गेल्या दीडेक महिन्यात मात्र तीन गोष्टी खटकतायत. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, काळानिळा डाग दिसला. भेटायला गेलं की ती पेंगुळलेली असते, बोलता बोलता डोळे मिटते. आणि बोटातली अंगठी आता सैल होऊन निसटते. तिथल्या व्यवस्थापिकेला विचारलं तर म्हणाल्या, ‘वय झालं, असं व्हायचंच.’ भाऊ म्हणतो, तुझा स्वभावच संशयी. आई म्हणते, ‘तू काही बोलू नकोस बाई, मला इथंच राहायचंय.’ जागा स्वच्छ आहे, माणसं हसून बोलतात. मी उगाच काळजी करतेय का? तक्रार करू, आईला तिथून हलवू, की खोलीत गुपचूप कॅमेरा बसवू?

उत्तर: ताई, तक्रार, स्थलांतर आणि कॅमेरा हे तिन्ही प्रश्न घटकाभर बाजूला ठेवा. आधी आईला डॉक्टरांना दाखवा. सवडीने नाही, उद्याच.

डाग आणि पेंग या तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहिल्यात. मला त्या एकत्र दिसतात. आई कुठे पडली आणि त्याने हा डाग उठला असेल, आणि पडताना डोकंही आपटलं असेल, तर पेंग तिथून आलेली असू शकते. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आवरणाखालच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि साध्या आपटण्यानेही त्यातून रक्त पाझरू शकतं. हा पाझर मंद असतो. त्रास दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. तोवर आपण पडलो होतो हे पडणारी व्यक्तीच विसरून गेलेली असते. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर हा धोका वाढतो. डॉक्टरांना तिन्ही बदल सांगा, ते कधीपासून आहेत ते सांगा आणि डोक्याचा सीटी स्कॅन करायला हवा का, हे स्पष्ट विचारा. उलट्या, वाढती डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, हलवूनही नीट जागी न होणं यातलं काहीही दिसलं तर उद्याचीही वाट पाहू नका, थेट आपत्कालीन विभागात न्या.

बहुतेक वेळा स्कॅनमध्ये काही निघत नाही. मग पेंगेची दुसरी कारणं शोधायची. ‘वय झालं’ हे त्यातलं कारण नव्हे. ७९ व्या वर्षी माणूस हळू चालतो, नावं विसरतो, दुपारी डुलकी काढतो. पण दोन महिन्यांपूर्वी गप्पा मारणारी बाई आज वाक्य अर्धवट सोडून झोपी जात असेल, तर ते दोन महिन्यांत वय झाल्यामुळे नाही. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरात पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, थायरॉइड, साखर यातलं काहीही असू शकतं. तरुणाला संसर्ग झाला की ताप येतो. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येतच नाही, नुसता गोंधळ किंवा सुस्ती येते. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प बसवणारा निसटतो, कारण गप्प बसलेली आजी कुणालाच त्रास देत नाही.

आणि औषधं. निवासात आईच्या नावाचा औषध-तक्ता असणारच, तो बघायला मागा. रागाने नको, ‘डॉक्टरांना दाखवायचाय’ एवढंच सांगा, ते खरंही आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणती गोळी नव्याने सुरू झाली, कुणी लिहून दिली आणि कशासाठी, हे बघा. झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीवरची जुन्या पिढीतली औषधं, लघवी वारंवार होऊ नये म्हणून देतात त्यातली काही औषधं, ही सगळी या वयात दुसऱ्या दिवशीही अंगात रेंगाळू शकतात आणि तोल घालवू शकतात. उतारवयात कोणती औषधं शक्यतो टाळावीत याची बीअर्स निकष नावाची यादी १९९१ पासून आहे आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. डॉक्टरांना तिचं नाव घेऊन विचारलंत तरी हरकत नाही. मानसिक आजारांवरची जी औषधं स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना ‘शांत’ करायला दिली जातात, त्यांनी अशा रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये त्या औषधांवर छापायला लावला. तुमच्या आईला स्मृतिभ्रंश आहे असं पत्रात नाही. असं एखादं औषध तक्त्यात निघालं, तर ते का सुरू केलं, याचं उत्तर डॉक्टरांकडून घेतल्याशिवाय उठू नका. मात्र कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवली की दुसरंच संकट उभं राहतं.

तक्ता हातात आलाच आहे तर आणखी एक गोष्ट बघा. मी वर्षानुवर्षं वॉर्डात काम केलंय, हे मला औषधांच्या नावांइतकंच बोलकं वाटतं. सकाळी अकराला तक्ता बघताना दुपारी दोनच्या गोळीसमोर आधीच सही झालेली आहे का? आठवडाभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच दमात केल्यासारख्या दिसतात का? तसं असेल तर तो तक्ता औषध देताना भरलेला नाही, साहेबांना दाखवण्यासाठी भरलाय. नीट चाललेल्या तक्त्यात खाडाखोड असते. ‘झोपल्या होत्या, अर्ध्या तासाने दिली’, ‘घ्यायला नकार दिला’ अशा नोंदी असतात. मला असा तक्ता दिसला की बरं वाटतं.

आता अंगठीकडे वळू. या वयात महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरलं तर ती धोक्याची खूण मानतात. आईचं वजन ५५ किलो असेल तर महिन्यात पावणेतीन किलो. निवासात दर महिन्याला वजन घेतात का, विचारा. घेत असतील तर आकडे मागा, घेत नसतील तर आजपासून सुरू करायला सांगा. मग एकदा जेवणाच्या वेळेला जाऊन तिच्या शेजारी बसा. कवळी सैल झाली आहे का? गिळताना ठसका लागतो का? ती हळू जेवते म्हणून ताट अर्ध्यातच उचललं जातं का? हे शेवटचं मी फार पाहिलंय. जेवणाची वेळ संपते, भांडी घासायला जायची असतात, आणि ‘आजी, झालं ना?’ असं कुणी विचारलं की भिडस्त बाई ‘झालं’ म्हणून मोकळी होते. वहीत मात्र ‘जेवल्या’ एवढंच.

पाण्याकडेही असंच बघा. झाकण घातलेला भरलेला ग्लास टेबलावर असतो, पण टेबल खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात. उतारवयात तहान तशीही कमी लागते. शिवाय पुष्कळ बायका मुद्दाम कमी पितात, आणि त्यामागे साधा हिशोब असतो. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, त्यासाठी घंटा वाजवावी लागते, घंटा वाजवली तरी कुणी येत नाही, नाहीतर तोंड वाकडं करून येतं. म्हणून पाणी कमी. पाणी कमी म्हणून लघवीचा संसर्ग आणि सुस्ती, आणि सुस्तीत जेवणही कमी. रात्री शेवटी राहवत नाही तेव्हा एकटीच उठते, अंधारात, अर्धवट झोपेत, आणि पडते. डाग, पेंग आणि सैल अंगठी ही तुमची तिन्ही लक्षणं एका न वाजवलेल्या घंटेपासून निघालेली असू शकतात. तसंच झालंय असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण मला पहिला संशय कुणाच्या क्रूरपणाचा येत नाही, या साखळीचा येतो.

म्हणून घंटा तपासा. तुम्ही खोलीत असताना आईलाच वाजवू द्या आणि घड्याळ बघा. दुपारी चार वाजता कुणी दोन मिनिटांत येईल, त्याने हुरळून जाऊ नका. खरा प्रश्न रात्री दोनचा आहे. रात्रपाळीला किती माणसं असतात, ती कोणत्या मजल्यावर बसतात, त्यातली एक दवाखान्यात कुणाला घेऊन गेली तर मागे कोण उरतं, हे व्यवस्थापिकेला सरळ विचारा. कोणत्याही निवासाची मी पारख करते ती याच प्रश्नावर. फुलदाण्या, वाढदिवसाचे केक आणि हसरे चेहरे हे सगळं दिवसपाळीचं असतं. भेटीच्या वेळा बदलत राहा. कधी सकाळी लवकर, कधी रात्री जेवणानंतर, कधी सुट्टीच्या दिवशी. धाड टाकायला आल्यासारखं नको, मुलगी आली आहे इतकंच. आणि कुठल्याही वेळी आलेल्या मुलीला दाराशी ताटकळत ठेवलं जात असेल, तर तेही ध्यानात ठेवा.

डागाबद्दल तुम्ही घाबरलात हे साहजिक आहे. पण म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते आणि हाताच्या मागच्या बाजूला दाराची कडी लागली तरी जांभळा चट्टा उठतो. स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आणखीच. रंगावरून डाग किती दिवसांचा हे ओळखता येतं असं पुष्कळांना वाटतं, ते भरवशाचं नाही. जागा जास्त सांगून जाते. हाताची बाहेरची बाजू, नडगी, गुडघा इथे माणूस आपटतो. दंडाच्या आतल्या बाजूला, दोन्ही मनगटांभोवती, कानावर, छातीवर, मांडीच्या आत सहसा आपटत नाही. बोटांच्या ठशांसारखे ओळीने डाग असतील तर बहुधा कुणीतरी जोरात धरलेलं असतं. धरणाऱ्याचा हेतू वाईटच असेल असं नाही, पडणाऱ्या बाईला सावरतानाही असं धरलं जातं. पण मग ते सांगायला हवं होतं. निवासात अपघात-नोंदवही असते. आईच्या नावाने तिथे नोंद आहे का? ‘अमुक तारखेला बाथरूमच्या दाराला हात लागला, मलम लावलं, मुलीला कळवलं’ एवढी एक ओळ असती तर तुम्ही मला पत्रही लिहिलं नसतं. डाग आहे आणि नोंद नाही, तर डागापेक्षा मला त्या नसलेल्या ओळीची काळजी जास्त वाटेल.

एवढा वेळ ती खुर्चीत पेंगत बसत असेल तर पुढच्या भेटीत टाचा आणि माकडहाड बघा. मोजे काढून, तिला विचारून. दाबामुळे होणाऱ्या जखमेची सुरुवात लालसर चट्ट्याने होते, आणि बोटाने दाबलं तरी तो फिका पडत नाही. सावळ्या कातडीवर हा लालपणा सहज दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट, गरम, किंवा हाताला घट्ट नाहीतर पिठाळ लागणारी जागा शोधायची.

भाऊ तुम्हाला संशयी म्हणत असेल तर म्हणू द्या, पण त्यालाही काम द्या. तुमच्याकडून ऐकलेल्या गोष्टी तो ‘हिचं काहीतरीच’ म्हणून झटकून टाकेल, स्वतः बघितलेलं झटकता येणार नाही. जेवणाच्या वेळेची एक फेरी त्याच्या नावावर लिहा, आणि रात्रीची एक. शिवाय एक थर्मामीटर घेऊन आईच्या नळाचं गरम पाणी मोजायला सांगा. ६० अंश सेल्सिअसचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं, ४९ अंशांना तेवढ्याच इजेला काही मिनिटं लागतात. आता साठवणीच्या टाकीत पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवणंच योग्य असतं, नाहीतर त्यात लिजनेला नावाचे जिवाणू वाढून न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे चांगल्या निवासात टाकी गरम आणि नळाशी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह अशी दुहेरी व्यवस्था असते, आणि आंघोळीचा नळ ४४ अंशांच्या वर जात नाही. असा व्हॉल्व्ह आहे का आणि शेवटचा कधी तपासला, हे तुमच्या भावाने विचारलं तर तुमच्यापेक्षा लवकर उत्तर मिळेल. हे योग्य नाही, पण आहे असं.

आता आईचं वाक्य. तुमच्या पत्रातलं मला सर्वात जास्त बोचलेलं तेच आहे. ‘बोलू नकोस, मला इथंच राहायचंय.’ याचे दोन अर्थ निघतात. एक, ती तिथे खरोखर सुखात आहे आणि तुमच्या काळजीने तिचं स्वातंत्र्य जाईल अशी तिला भीती वाटते. दुसरा, तक्रार केली तर नंतर त्याचा वचपा काढला जाईल असं तिला वाटतं. कोणता खरा हे तिच्या खोलीत, दार उघडं असताना, ‘तुला कुणी त्रास देतं का?’ असं विचारून कळणार नाही. बाहेर फिरायला घेऊन जा. आणि प्रश्न लहान विचारा. रात्री उठावंसं वाटलं तर काय करतेस? सकाळी कोण येतं, आणि कोण आलेलं तुला आवडत नाही? आंघोळीला पाणी कसं असतं? मागच्या वेळी घंटा वाजवलीस तेव्हा काय झालं? ‘त्रास’ या शब्दाला ती ‘नाही’ म्हणेल. कोण आलेलं आवडत नाही, याचं उत्तर मात्र ती पटकन देईल.

ते उत्तर आलं तरी लगेच कुणाला राक्षस ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की अशा संस्थांमधल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी, गेल्या वर्षभरात आपल्या हातून एखाद्या ज्येष्ठाशी गैरवर्तन झालं, हे स्वतःच मान्य केलं. यात सर्वात जास्त आढळतं ते ओरडणं, घालूनपाडून बोलणं, हिडीसफिडीस करणं. इतकी सगळी माणसं जन्मतः दुष्ट नसतात. सलग दोन पाळ्या करणारी, एकटीने डझनभर जणांना उठवणारी बाई सातव्या हाकेला वैतागते. याने तिची चूक माफ होत नाही. पण दोष तिच्या एकटीवर ढकलून तिला कामावरून काढलं, की पुढच्या महिन्यात तिच्या जागी आलेली बाईही तशीच वैतागते. तुमची तक्रार पाळ्यांबद्दल आणि माणसांच्या संख्येबद्दलही असू द्या.

तक्रार करा, पण लेखी करा आणि तिच्यात विशेषणं घालू नका. ‘तुमचं दुर्लक्ष होतंय’ याला ‘नाही, आम्ही खूप काळजी घेतो’ हे उत्तर तयार असतं. ‘अमुक तारखेला डाव्या हातावर साधारण इतक्या मापाचा डाग दिसला, त्याची नोंद आहे का? आईचं गेल्या तीन महिन्यांचं वजन किती? कोणतं औषध कधी सुरू झालं? रात्रपाळीला किती जण असतात? यावर बसून बोलायला वेळ द्या’ असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं. आईला विचारून डागाचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पत्राचा मसुदा आधी तिला वाचून दाखवा. तिने एखादी ओळ काढायला सांगितली तर काढा. तिची बुद्धी शाबूत आहे, घर तिचं आहे, आणि पत्र गेल्यावर तिथे रात्र काढायची आहे तीही तिलाच.

बैठकीत ‘आमच्याकडे आजवर कुणी पडलेलं नाही’ असं कुणी छाती फुगवून सांगितलं तर भारावून जाऊ नका. या वयाची माणसं राहतात आणि चालतात तिथे कुणीतरी कधीतरी पडतंच. कुणीच पडत नसेल तर एकतर नोंद होत नाही, नाहीतर माणसांना खुर्चीतून उठू दिलं जात नाही. बांधून ठेवल्याने पडणं कमी होतं ही समजूत मोडीत निघाली आहे. अमेरिकेत तर १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या माणसाला, शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधलं जाणार नाही आणि औषधाने गुंगवलं जाणार नाही, असा हक्कच दिला. पलंगाचे कठडेही तसेच. गोंधळलेला माणूस ते ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो, किंवा फटीत अडकतो. सुरक्षितता वाढवायची म्हणून तुमच्या आईला जास्त वेळ बसवून ठेवण्याची सूचना आली तर नको म्हणा. त्याऐवजी रात्रीचा मंद दिवा, पलंगापासून बाथरूमपर्यंत मोकळी वाट, पकडायला दांडी, टाचेला घट्ट बसणारी चप्पल, चष्म्याचा नवा नंबर आणि रात्री ठरावीक वेळी कुणीतरी येऊन ‘बाथरूमला जायचंय का?’ असं विचारणं, हे मागा.

कॅमेरा गुपचूप लावू नका. त्या खोलीत ती कपडे बदलते. तिला माहीत असेल, तिची हरकत नसेल आणि निवासाच्या नियमांत बसत असेल तर वेगळी गोष्ट. तरीही कॅमेरा पडलेली आई दाखवतो, पडणारी थांबवत नाही.

हलवण्याची घाई नको. ओळखीची माणसं, जिना, खिडकी सगळं एकदम बदललं की या वयात गोंधळ आणि पडणं दोन्ही वाढू शकतात. पण काही गोष्टी दिसल्या तर मात्र बैठका आणि पत्रं करत बसू नका. तिला बांधलेलं किंवा कोंडलेलं दिसलं, तिला एकांतात भेटू दिलं नाही, इजा लपवली गेली, तक्रारीनंतर तिच्याशी वागणं बदललं, तर त्याच दिवशी तिला घरी घेऊन या. मारहाण किंवा पैशांची अफरातफर असेल तर पोलीस.

तसं काही नसेल, तर पत्र देताना पोच घ्या आणि उत्तराला आठ दिवसांची मुदत लिहा. त्या मुदतीत औषध-तक्ता, वजनाचे आकडे आणि बैठकीची तारीख मिळाली तर पुढचे दोन महिने तिथेच राहून बघा. नाहीच मिळाली, तर तेच पत्र, एक शब्दही न बदलता, त्या निवासाला परवाना देणाऱ्या किंवा त्याची तपासणी करणाऱ्या विभागाकडे पाठवा, आणि त्याची प्रत व्यवस्थापिकेला द्या.